पोटरीवरच्या निळ्या शिरा

दिवस मावळताना आपल्या गावातल्या बायामाणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘आज पाय भरून आले.’ अवसरी बुद्रुकच्या शेतात कांद्याची काढणी चालू असो, मंचरच्या बाजारात दिवसभर मालापाशी उभे राहणे असो, शाळेत फळ्यापुढे सहा तास काढणे असो, की घरच्या ओट्यापुढे पंधरा माणसांच्या भाकरी थापणे असो, पाय भरून येण्याचे कोणाला नवल वाटत नाही. रात्री पाय चेपले, सकाळी पुन्हा कामाला लागलो, की झाले. पण या भरून येण्याच्या मागोमाग काही जणांच्या पोटरीवर एक निळी रेघ उमटते. पुढे ती दोरीसारखी जाड होते, मग नागमोडी वळते, आणि काही वर्षांनी कातडीखाली गांडुळांचा गुंता बसावा तशी दिसू लागते. डॉक्टर तिला ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. आपण साध्या भाषेत पायाच्या शिरा फुगणे म्हणू.

या फुगलेल्या शिरांचा इतिहास सांगण्याचे योजले आहे. इतिहास म्हटला की शिवनेरीच्या आसपास राहणाऱ्या आपणा मंडळींच्या डोळ्यांपुढे गड आणि लढाया उभ्या राहतात. ते साहजिक आहे. पण दुखण्यांनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या समजुती आपल्या माजघरात तशाच नांदत राहतात.

हे दुखणे नवे नव्हे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मिसर देशातल्या एका वैद्यकीय गुंडाळीत, तिला एबर्स पपायरस असे नाव आहे, सापासारख्या वळणाच्या शिरांना शस्त्र लावू नये, लावल्यास माणूस दगावेल, अशा अर्थाची ताकीद आहे. ग्रीस देशात अथेन्सच्या संग्रहालयात ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला एक कोरीव दगड आहे. त्यावर एक दाढीवाला माणूस आपल्याहून मोठा असा एक पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे, आणि त्या पायावर एक जाड शीर वरपासून खालपर्यंत उठून दिसते. देवाला नवस म्हणून तो दगड वाहिलेला आहे. आपल्याकडेही देवळांतून चांदीचे डोळे, हात, पाय वाहतात. तोच हा प्रकार. मुद्दाम शीर कोरून घेतली, यावरून त्या गृहस्थाला तिने किती गांजले असेल याची कल्पना येते.

रोमन सेनापती मारियस याची हकीकत त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. त्याच्या दोन्ही पायांवर शिरांच्या गाठी होत्या. शस्त्रवैद्य आला, तेव्हा बांधून घेण्याचे नाकारून मारियसने एक पाय पुढे केला आणि हूं की चूं न करता कापू दिला. दुसऱ्या पायाची पाळी आली तेव्हा मात्र तो म्हणाला, की गुण येतो खरा, पण एवढ्या वेदनांच्या तोलाचा तो नाही. आणि दुसरा पाय तसाच ठेवला. भुलीचे औषध नव्हते त्या काळची ही गोष्ट. मारियस ख्रिस्तपूर्व ८६ साली वारला, तोवर त्याने तो पाय तसाच वागवला असे दिसते.

आपल्या सुश्रुताने ‘सिराज ग्रंथी’ म्हणून एक गाठ सांगितली आहे. दुर्बळ माणसाने झेपणार नाहीत असे श्रम केले म्हणजे वायू शिरांचे जाळे ओढून, आकसवून तिथे उंच गोल गाठ करतो, असे त्याचे म्हणणे. आजचे काही वैद्य या गाठीचा संबंध फुगलेल्या शिरांशी जोडतात. जोडणी तंतोतंत बसते की नाही हा वाद विद्वानांवर सोपवू. पण श्रमाचा आणि शिरेचा काही संबंध आहे, हे सुश्रुताच्या नजरेतून सुटले नव्हते एवढे खरे.

मग चूक कुठे झाली? ती झाली रक्ताविषयीच्या कल्पनेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन नावाचा मोठा वैद्य रोममध्ये होऊन गेला. यकृतात रक्त तयार होते, शिरांतून ते अंगभर बाहेर वाहत जाते आणि पाटाचे पाणी जमिनीत जिरावे तसे शरीरात जिरून जाते, असे त्याचे मत होते. ते वाहत वाहत पायापर्यंत आले, आणि त्यातला जड काळा गाळ खाली बसला, की शिरा फुगतात, असा त्यावरून तर्क निघाला. तर्क फारच पटण्यासारखा! पाटाच्या तळाशी गाळ बसतो हे कोणी पाहिलेले नाही? म्हणून गाळ काढा, रक्त सोडा, हा उपाय ठरला आणि तो जवळजवळ दीड हजार वर्षे चालला. आपल्याकडे तुंबडी लावणे, जळवा लावणे हे उपाय होतेच. फुगलेल्या शिरेतून काळपट रक्त आले, की पाहणाऱ्यांची खात्री पटे, ‘बघा, किती घाण साचली होती!’

गुरुजींना आणि बाईंना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. रोहिणीतले शुद्ध, नीलेतले अशुद्ध. यातल्या ‘अशुद्ध’चा अर्थ एवढाच, की त्या रक्तातला बराचसा प्राणवायू शरीराने वापरून घेतला आहे आणि ते पुन्हा फुप्फुसांकडे निघाले आहे. त्यात घाण नाही, विष नाही, गाळ नाही. पण शब्द मोठे चिवट असतात. ‘अशुद्ध रक्ताच्या शिरा फुगल्या’ असे कानावर पडले, की घरातली शहाणी माणसे रक्तशुद्धीचे काढे उकळायला लागतात, आणि नाहीतर कोणी शिरेला टोचून घेण्याचा सल्ला देतो. मुलांना शिकवताना ‘प्राणवायू कमी असलेले रक्त’ असे म्हटले तर गेलनच्या गाळाची छाया पुढच्या पिढीवर पडणार नाही.

खरा उलगडा झाला तो इटलीतल्या पादुआ शहरात. तिथे फाब्रिकियस नावाचे शरीररचनेचे अध्यापक होते. शिरांच्या आत ठिकठिकाणी पातळ पडदे असतात हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले आणि १६०३ साली त्यावर पुस्तक छापले. या पडद्यांना त्यांनी ‘छोटी दारे’ अशा अर्थाचे नाव दिले होते. दारे पाहिली, नाव दिले, चित्रे काढली. पण ती कोणत्या दिशेला उघडतात याचा अर्थ काही त्यांना पुरता लागला नाही. रक्त पायाकडे एकदम लोटू नये म्हणून ती त्याचा वेग कमी करतात, असे त्यांना वाटले. त्यांच्याच वर्गात विल्यम हार्वे नावाचा एक इंग्रज विद्यार्थी बसत असे. त्याने १६२८ साली सिद्ध केले, की रक्त अंगभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते आणि ही दारे फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात. गुरूने दार पाहिले, शिष्याने दाराची दिशा पाहिली.

हार्वेने त्यासाठी जो प्रयोग केला तो कोणत्याही शाळेत पाच मिनिटांत करता येतो, आणि पैसा लागत नाही. कष्ट करणाऱ्या, सडपातळ अशा मोठ्या माणसाचा हात घ्यावा. दंडाला रुमाल जरा आवळून बांधावा. हाताच्या शिरा वर येतील, आणि त्यांवर मधूनमधून बारीक गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे दारांच्या जागा. मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरावे. दुसऱ्या बोटाने शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने पुढच्या गाठीच्या पलीकडे सारावे. मधला तुकडा रिकामा पडतो आणि रिकामाच राहतो. वरचे रक्त खाली येत नाही. आता मनगटाकडचे बोट उचलावे. शीर खालून लगेच भरते. एवढे झाले की रुमाल सोडावा, मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नये. मुलांनी हे एकदा पाहिले की रक्ताभिसरणाचा धडा पाठ करावा लागत नाही.

शेतकरी बंधूंना तर हे दार समजावून सांगण्याचीही गरज नाही. तुमच्या विहिरीत पाइपाच्या खालच्या टोकाला फूट-व्हॉल्व्ह असतो ना? तेच हे दार. मोटर बंद झाली तरी पाइपातले पाणी विहिरीत परत उतरू नये म्हणून तो बसवलेला असतो. त्यात काटकी अडकली, किंवा त्याचे कातडे झिजले, की पाणी खाली उतरते, आणि पुन्हा मोटर चालू करताना पाइपात पाणी भरत बसावे लागते. पायाच्या शिरेतही असेच होते. घोट्यापासून हृदयापर्यंत सुमारे चार फुटांची चढण. रक्ताने ती चढावी कशी? मोटर आहे पोटरीत. पाऊल टाकले की पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्या मधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पाऊल उचलले की स्नायू सैल होतात, आणि वरचे दार मिटल्यामुळे चढलेले रक्त खाली पडत नाही. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याची पद्धत आहे.

आता निश्चल उभे राहिलेल्या माणसाचे पाहा. मोटर बंद. चार फूट रक्ताचा सगळा भार घोट्याजवळच्या शिरांवर. मोजले तर तो पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरइतका भरतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच भार तीसच्या आसपास उतरतो. खोल शिरांना स्नायूंचा आधार असतो. कातडीखालच्या शिरांना काहीच नाही. त्या ताणतात, रुंदावतात, आणि चौकट रुंद झाल्यावर दाराची दोन्ही झापे एकमेकांना पोचत नाहीत. एक दार गळू लागले की त्याच्या खालच्या दारावर दुप्पट भार येतो. मग तेही गळते. फुगलेल्या शिरेचे मर्म एवढेच आहे. रक्त बिघडलेले नाही, दार गळते आहे.

दार कोणाचे लवकर गळेल हे काही अंशी जन्मतः ठरते. आईला, वडिलांना असेल तर मुलांना होण्याचा संभव अधिक. स्त्रियांत बाळंतपण हे मोठे कारण. गरोदरपणी शिरा सैल पडतात आणि गर्भाशयाचा दाब पडून वरची वाट अडते. वाढलेले वजन, उतारवय ही आणखी कारणे. पण त्यावर भर पडते ती उभे राहण्याची. विटेवर अठ्ठावीस युगे उभे राहणे हे पंढरीच्या राण्यालाच जमते. माणसाच्या पोटरीला ते मानवत नाही. वारकरी मात्र चालतो, आणि चालणाऱ्याची मोटर सुरू असते. आणखी एक बदल आपल्या डोळ्यांदेखत घडला, त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आपल्या आज्या चुलीपुढे बसून स्वयंपाक करत. मग गॅसची शेगडी आली, उंच ओटा आला. धुराचा त्रास गेला ही फार चांगली गोष्ट झाली. पण बसून होणारे काम उभ्याने होऊ लागले, आणि तेही एकाच जागी.

उभे राहण्याचा हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो कारखान्यांबरोबर. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि मग घाटावरून माणसे मुंबईकडे निघाली. आपल्या आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांतूनही शेकडो घरांतले कर्ते पुरुष गेले. कोणी गिरणीत साच्यापुढे उभा राहिला, कोणी गोदीत आणि बाजारात ओझी उचलली, कोणी डोक्यावर डब्यांची लांबट पाटी घेतली. मुंबईचे डबेवाले पुष्कळसे याच पट्ट्यातले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांचा धंदा १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला.

त्याच १८९० सालची दुसरी गोष्ट. शेजारच्या खेड तालुक्यातले कन्हेरसर हे ज्यांचे मूळ गाव, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची संघटना बांधली होती. १८८४ साली त्यांनी सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, या त्यातल्या मागण्या. सुटी मिळायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या अर्जात शिरांचे नाव नाही, आणि लोखंड्यांनी पोटऱ्या तपासल्या असेही नाही. पण दुपारचा अर्धा तास विसावा मागणाऱ्या माणसाला उभ्याच्या कामाने काय होते हे डॉक्टरांनी सांगावे लागले नसणार. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. साच्यापुढे उभे राहून झिजलेले पाय घेऊन किती जण गावी परतले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

बसायला जागा मिळणे हा हक्क आहे, हे कायद्याने मान्य व्हायलाही वेळ लागला. इंग्लंडात १८९९ साली दुकानातल्या विक्रेत्या स्त्रियांसाठी कायदा झाला : दर तीन बायांमागे एक तरी बैठक असावी. आपल्या देशात १९४८च्या कारखाने कायद्याच्या ४४व्या कलमाने, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवावी, असे बंधन घातले. दुकानांचे काय? कापडाच्या दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांनी केरळात चळवळ केली, तेव्हा २०१८ साली तिथे तसा कायदा झाला. २०२१ साली तमिळनाडूने त्याचा कित्ता गिरवला. शाळेतल्या शिक्षकाला मात्र खुर्ची असूनही तो बसत नाही. बसून शिकवणे म्हणजे आळस, अशी एक जुनी समजूत आहे. ती सोडून द्यावी. बसायचे नसेल तर निदान फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या माराव्यात.

इकडे उपचारांची वाट निघाली होती. रिचर्ड वाइजमन या इंग्रज शस्त्रवैद्याने १६७६ साली छापलेल्या ग्रंथात पायाच्या अशा जखमांचा शिरांशी संबंध लावला आणि नाडीने आवळायचा चामड्याचा मोजा वापरला. हार्वेचे दार ओळखल्यावर पट्टी बांधण्याला अर्थ आला : बाहेरून आधार दिला की शीर आकसते, आणि झापे पुन्हा जवळ येतात. १८९६ साली जर्मनीत उन्ना यांनी जस्ताच्या मलमाची पट्टी काढली. पायाला गुंडाळून ती तशीच दिवसचे दिवस ठेवायची आणि माणसाने हिंडायफिरायचे. तिच्या पोटच्या पट्ट्या आजही वापरात आहेत. त्याच्या थोडे आधी, १८९०च्या सुमारास, ट्रेंडेलेनबुर्ग यांनी घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर मांडीत बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. सगळ्यात वरचे गळके दार बंद केले की खालच्यांवरचा भार जाईल, हा त्यातला विचार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत ती शीर काढूनच टाकण्याच्या पद्धती निघाल्या.

मोज्यांची गोष्ट तर आपल्या विहिरीजवळ येऊन पोचते. अमेरिकेतल्या टोलेडो शहरी कॉनराड जॉब्स्ट नावाचे एक इंजिनिअर होते. शिरांच्या दुखण्याने त्यांचे पाय जखमांनी बेजार झालेले. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की मात्र पायांना आराम वाटे. का बरे? इंजिनिअरच ते, हिशेब केला : पाणी जितके खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्यावर सर्वांत जास्त, वर वर कमी. पायातल्या रक्ताचा भारही नेमका तसाच. मग तसाच दाब देणारा मोजा त्यांनी तयार केला, घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारा. १९५०च्या दशकात तो प्रचारात आला. छातीइतक्या पाण्यात उभे राहून पाय हलके झाल्याचा अनुभव घोडनदीत डुंबणाऱ्या कोणालाही असेल. त्याचे कारण हे आहे.

आज डॉक्टर रंगीत डॉप्लर नावाच्या सोनोग्राफीने कोणते दार गळते ते पाहतात. त्यावरून शीर आतून लेसरने किंवा विद्युत्‌लहरींच्या उष्णतेने मिटवणे, औषध टोचून सुकवणे, किंवा काढून टाकणे, यांतले काय करायचे ते ठरते. शीर काढली तर रक्त जाणार कुठून, अशी भीती अनेकांना वाटते. पायातले बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जाते. त्या चांगल्या आहेत ना, हे आधी पाहून घेतात, एवढेच. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठीही पायातली हीच लांब शीर काढून वापरतात, आणि माणसे त्यानंतर चालतात फिरतात.

आता घरातल्या ओळखीपाळखीबद्दल. पाय नेहमी उभ्या माणसाचे पाहावेत. आडवे झाल्यावर शिरा रिकाम्या होतात आणि काही दिसत नाही. संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याभोवती सूज येऊन सकाळी उतरणे, रात्री पोटरीत गोळे येणे, ही सुरुवात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, कातडी तपकिरी काळसर पडते आणि खाजू लागते. इथेच पुष्कळांची फसगत होते. नायटा समजून दुकानातून मलम आणतात, खाजवतात, आणि खाजवल्या जागी जखम होते ती महिनेन्‌महिने भरत नाही. आपल्या मायबहिणींचे तर पाय नऊवारीच्या किंवा साडीच्या काठाखाली झाकलेले. दाखवायचे कोणाला, आणि कशाला, म्हणून वर्षे जातात. शेणामातीत काम करताना ती जखम चिघळते. मलम जखमेवर लावले आणि भार मात्र तसाच ठेवला, तर ती भरणार कशी? पाणी गळतेय पाइपात, आणि आपण ओली जमीन पुसतो आहोत.

भार उतरवण्याचे उपाय साधे आहेत. निजताना खाटेच्या पायथ्याकडच्या दोन खुरांखाली एकेक दोन-दोन विटा द्याव्यात. दुपारी पाव तास पाय भिंतीला टेकवून छातीपेक्षा वर ठेवावेत. एकाच जागी उभे राहणे आलेच तर टाचा उचलाव्यात, पुन्हा टेकाव्यात. दहा-वीस वेळा केले की मोटर फिरते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रोज चालावे. मोजा किंवा क्रेपची पट्टी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल अशी बांधावी, रात्री काढावी. उलटी बांधली, म्हणजे वर घट्ट आणि खाली सैल, तर ती दोरीने पाइप आवळल्यासारखी होते. मोज्याने दार दुरुस्त होत नाही, भार मात्र पेलला जातो.

पण पट्टीच्या आधी डॉक्टरांना पाय दाखवावा, आणि विड्या ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. त्याचे कारण असे. फुगलेल्या शिरांचा पाय उभे राहिल्याने दुखतो आणि चालल्याने हलका होतो. चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, आणि थांबले की बरे वाटत असेल, पाऊल गार पडत असेल, तर दुखणे शिरांचे नसून रक्त खाली आणणाऱ्या रोहिणीचे असण्याचा संभव आहे. तंबाखूने ती आकसते. अशा पायाला घट्ट पट्टी बांधणे धोक्याचे.

दुसरा धोका एकाच पायाचा. एक पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखू लागली, विशेषतः बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. बाळंतिणीच्या अशा पायाला तेल लावून रगडू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखते आणि जीवही जातो. त्या दिवशीच दवाखाना गाठावा.

आणि रक्तस्राव. फुगलेल्या शिरेवरची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. खुरप्याचे टोक, गोठ्यातला खिळा, नुसते नख लागले तरी ती फुटते, आणि चार फुटांचा भार मागे असल्याने रक्ताची चिळकांडी उडते. दुखत फारसे नाही, म्हणून माणूस उभाच राहतो किंवा ओट्यावर पाय सोडून बसतो. अशा उभ्या-बसल्या रक्तस्रावाने माणसे दगावलेली आहेत. खरे तर त्याला ताबडतोब जमिनीवर उताणे निजवावे, पाय उचलून छातीपेक्षा बराच वर, बाकावर किंवा कोणाच्या खांद्यावर ठेवावा, आणि जखमेवर स्वच्छ फडके तळव्याने घट्ट दाबून धरावे. नुसते पाय वर केल्यानेच धार मंदावते. दहा-पंधरा मिनिटे फडके काढून पाहू नये. जखमेच्या वर दोरी किंवा पदर आवळून बांधू नये; त्याने वर जाणारी वाट अडून रक्त अधिकच येते. हळद, चहापूड भरू नये. एकाने दाबून धरावे, दुसऱ्याने १०८ला फोन लावावा किंवा गाडी पाहून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि गाडीतसुद्धा त्या माणसाला बसवू नये, आडवाच ठेवून पाय वर धरावा.